पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर: मार्कर टेस्ट आणि हार्मोनच्या गोळ्यांबद्दल फाईल हातात आली की काय काय बघायचं

पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या बाईला परत अंगावरून जायला लागतं, सोनोग्राफीत अस्तर जाड दिसतं, क्युरेटिंग होतं आणि रिपोर्टमध्ये एन्डोमेट्रिअल कार्सिनोमा लिहून येतं. मग कुणीतरी सांगतंच की रक्ताची कॅन्सरची टेस्ट करून घ्या, सीए १२५ चा आकडा येतो आणि त्यानंतर सगळं घर त्या एका आकड्याकडे डोळे लावून बसतं, कमी आला की पेढे आणि वाढला की रडारड. माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे की या कॅन्सरमध्ये कामाची माहिती रक्तात थोडी असते आणि क्युरेटिंगमध्ये किंवा ऑपरेशनमध्ये जो तुकडा काढला त्याच्यात खूप असते, आणि हार्मोनची गोळी चालेल की नाही हे तर बहुतेक त्या तुकड्यावरूनच कळतं. मी डॉक्टर नाही. घरातल्या आणि ओळखीतल्या बायकांच्या फाईली घेऊन ओपीडीत बसून, डॉक्टरांना प्रश्न विचारून जे समजलं ते लिहितेय, औषध मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

आधी एक गोंधळ मिटवू. आपल्याकडे "पिशवीचा कॅन्सर" म्हटलं की दोन वेगळे आजार एकाच नावाने बोलले जातात. पिशवीच्या तोंडाचा म्हणजे सर्व्हिक्सचा, जो एचपीव्ही व्हायरसमुळे होतो आणि ज्याची लस आहे, तो वेगळा. इथे बोलतोय ते पिशवीच्या आतल्या अस्तराच्या कॅन्सरबद्दल, ज्यात शरीरातलं इस्ट्रोजेन वर्षानुवर्षं प्रोजेस्टेरॉनच्या लगामाशिवाय काम करत राहतं, म्हणून जास्त वजन, डायबिटीस, पीसीओडी, मूल न झालेलं असणं, अशा बायकांमध्ये तो जास्त दिसतो. हार्मोनच्या गोळ्यांचा विषय निघतो तो याच कॅन्सरमध्ये, तेव्हा रिपोर्ट वाचताना पहिलं हेच बघा की तुकडा एन्डोमेट्रियमचा आहे की सर्व्हिक्सचा.

तुकडा नीट पोचतोय ना

तालुक्याच्या ठिकाणी अजूनही असं होतं की क्युरेटिंग झालं की सिस्टर एक डबी नातेवाइकाच्या हातात देतात, "एवढी लॅबला नेऊन द्या". ती डबी घेणाऱ्याला बहुतेक वेळा माहीतच नसतं की पुढची सगळी ट्रीटमेंट या डबीवर ठरणार आहे. तर डबी हातात घेतानाच विचारा की आत फॉर्मलिन आहे ना, सलाईन तर नाही ना (नाकाशी धरून वास घेऊन बघू नका, ते डोळ्यांना आणि घशाला झोंबतं, सरळ सिस्टरांना विचारा). फॉर्मलिन तुकड्याच्या साधारण दहापट हवं, तुकडा पूर्ण बुडालेला हवा, आणि डबीवर पेशंटचं पूर्ण नाव, वय, तारीख आणि तुकडा कुठला हे लिहिलेलं हवं. त्याच दिवशी लॅबमध्ये द्या. फ्रीजमध्ये, आणि फ्रीझरमध्ये तर अजिबातच, ठेवू नका. तुकडा बराच वेळ फॉर्मलिनशिवाय राहिला तर पेशी खराब व्हायला लागतात आणि मग हार्मोन रिसेप्टरची (म्हणजे पेशीत हार्मोन जिथे चिकटतं त्या जागेची) टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणजे ज्या बाईला गोळी चालली असती तिच्या रिपोर्टवर "चालणार नाही" असं येतं. कुरियरने पाठवत असतील तर कधी उचलणार आणि कधी पोचणार हेही विचारा, शनिवारी दुपारी दिलेली डबी सोमवारपर्यंत तशीच पडून राहायला नको.

लॅब तो तुकडा मेणात बसवते, त्याला ब्लॉक म्हणतात. बघायला अगदी साधा असतो, काडेपेटीपेक्षाही लहान प्लास्टिकची जाळीदार चौकट, त्यात पांढरट मेण, मेणात तपकिरी ठिपक्यासारखा तुकडा, आणि तिरप्या कडेवर एक नंबर. हाच नंबर रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात असतो, दोन्ही जुळतात का ते स्वतः बघा. मोठ्या हॉस्पिटलला दाखवायला जाताना नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही, परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी स्लाइड आणि ब्लॉक मागतातच, कारण त्यांचे पॅथॉलॉजिस्ट परत बघतात आणि कधी कधी ग्रेड बदलते, प्रकारसुद्धा बदलतो. लॅबला अर्ज दिला की ब्लॉक मिळतात, घेताना किती ब्लॉक आणि किती स्लाइड हे लिहून सही घ्या. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. आणि सगळे ब्लॉक एकदम एकाच ठिकाणी देऊन टाकू नका, डॉक्टरांना विचारा की सगळे लागणार आहेत का एक-दोन पुरतील, कारण दोन वर्षांनी परत एखादी टेस्ट लागली तर हेच उपयोगी येतात.

रिपोर्टमधल्या ओळी

सगळ्यात आधी प्रकार आणि ग्रेड. "एन्डोमेट्रिऑइड, ग्रेड १" किंवा "ग्रेड २" म्हणजे सावकाश वाढणारा गट, हार्मोनचा विचार मुख्यतः इथेच होतो. "सीरस", "क्लिअर सेल", "कार्सिनोसार्कोमा" म्हणजे तापट गट, तिथे हार्मोनच्या मागे लागून वेळ घालवायचा नसतो. मग येतो आयएचसीचा भाग, म्हणजे त्याच ब्लॉकच्या पातळ चकत्या कापून रंगवून केलेली टेस्ट, आणि इथे लोक हमखास गोंधळतात कारण एकाच कागदावर एका ओळीत पॉझिटिव्ह चांगलं असतं आणि पुढच्या ओळीत वाईट.

समजा असं लिहिलंय: ईआर पॉझिटिव्ह, ९० टक्के पेशी, स्ट्राँग. पीआर पॉझिटिव्ह, ८० टक्के. पी५३ वाइल्ड टाइप. एमएलएच१ आणि पीएमएस२ लॉस, एमएसएच२ आणि एमएसएच६ रिटेन्ड. आता एकेक बघा. ईआर म्हणजे इस्ट्रोजेनचा रिसेप्टर, पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा, हे दोन्ही पॉझिटिव्ह असणं हार्मोनच्या दृष्टीने चांगलं, पेशींना अजून हार्मोनची भाषा कळते असा त्याचा अर्थ, आणि त्यातही पीआर जास्त महत्त्वाचा. अमेरिकेतल्या जीओजी या संशोधन गटाने १९९९ साली छापलेल्या अभ्यासात, पसरलेल्या किंवा परत आलेल्या कॅन्सरमध्ये मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनची (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारी) गोळी दिली होती, तेव्हा पीआर पॉझिटिव्ह असलेल्यांपैकी ३७ टक्के जणींची गाठ आकसली आणि पीआर निगेटिव्ह असलेल्यांमध्ये फक्त ८ टक्के. याच अभ्यासात असंही दिसलं की रोज १००० मिलिग्रॅम देऊन २०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त फायदा काही झाला नाही, म्हणून डोस वाढवून द्या म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका.

पी५३ मध्ये "वाइल्ड टाइप" म्हणजे नॉर्मल, नावावरून घाबरू नका. "म्युटंट" किंवा "अ‍ॅबनॉर्मल" असेल तर कॅन्सर आक्रमक समजतात, मग ग्रेड कमी दिसत असली तरी. काही लॅब नुसतं "पी५३ पॉझिटिव्ह" लिहून मोकळ्या होतात, त्यातून अर्थ लागत नाही, तेव्हा लॅबला फोन करून विचारायला सांगा की वाइल्ड टाइप की अ‍ॅबनॉर्मल.

शेवटची चार नावं म्हणजे एमएमआर प्रोटीन, डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणारी. "रिटेन्ड" किंवा "इन्टॅक्ट" म्हणजे आहेत, "लॉस" म्हणजे गेलीत. साधारण चारातल्या एका पेशंटमध्ये लॉस सापडतो. याचे दोन उपयोग आहेत. एक, आजार पुढे पसरला तर अशा कॅन्सरवर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं (पेम्ब्रोलिझुमॅब, डोस्टार्लिमॅब), चांगली चालते. दुसरा उपयोग घरातल्या बाकीच्यांसाठी, आणि माझ्या मते आपल्याकडे हा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो. लॉस असलेल्या काही जणींना लिंच सिंड्रोम असतो, म्हणजे आनुवंशिक दोष, ज्यात पिशवीचा आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर घराण्यात फिरतो. एमएलएच१ आणि पीएमएस२ गेले असतील तर आधी "एमएलएच१ प्रमोटर मिथायलेशन" ही टेस्ट करतात, ती पॉझिटिव्ह आली तर बहुतेक वेळा आनुवंशिक नसतं. एमएसएच२ किंवा एमएसएच६ गेले असतील तर थेट जेनेटिक काउन्सेलिंग. घरात विचारताना "कुणाला कॅन्सर होता का" एवढ्यावर थांबू नका, कारण उत्तर येतं "मामांना पोटाचा होता", आता पोटाचा म्हणजे जठराचा, लिव्हरचा की आतड्याचा हे कुणी सांगत नाही, जुनी फाईल शोधा, मामींना फोन करा, कितव्या वर्षी झाला ते विचारा. लिंच निघाला तर मुलांना, भावंडांना वेळेवर कोलोनोस्कोपी सुरू करता येते आणि त्यात जीव वाचतात.

२०१३ साली टीसीजीए नावाच्या मोठ्या अमेरिकन प्रकल्पात दिसलं की या कॅन्सरचे जनुकांवरून चार गट पडतात: पीओएलई नावाच्या जनुकात म्युटेशन म्हणजे बदल असलेला (ग्रेड जास्त असूनही बरा होणारा), एमएमआर लॉसवाला, पी५३ वाला आणि उरलेला. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२३ च्या स्टेजिंगमध्ये तर हे गट स्टेजमध्येच धरलेत, पिशवीपुरत्या असलेल्या कॅन्सरला पीओएलई निघालं तर स्टेज खाली येते आणि स्नायूत शिरलेल्या कॅन्सरमध्ये पी५३ अ‍ॅबनॉर्मल निघालं तर वर जाते. पीओएलईची टेस्ट सगळीकडे होत नाही आणि महागही पडते, पण ईआर, पीआर, पी५३ आणि चार एमएमआर एवढं आयएचसीवर होतं, तेव्हा रिपोर्टमध्ये नसेल तर स्पष्ट विचारा, "डॉक्टर, यावर हे मार्कर करून घ्यायचे का?"

रक्ताची टेस्ट कशासाठी आणि कशी

सीए १२५ निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. ऑपरेशनच्या आधी बराच वाढलेला असेल तर आजार पिशवीबाहेर गेलाय का असा संशय घेतात आणि स्कॅन जास्त बारकाईने बघतात. आणि सुरुवातीला वाढलेला होता, ऑपरेशननंतर खाली आला, तर पुढे लक्ष ठेवायला वापरता येतो. पण सुरुवातीलाच नॉर्मल म्हणजे साधारण ३५ च्या खाली असेल तर दर तीन महिन्यांनी करत बसण्यात फारसा अर्थ नाही, आणि नॉर्मल आला म्हणजे कॅन्सर नाही असं तर मुळीच नाही, सुरुवातीच्या स्टेजच्या पुष्कळ जणींचा तो नॉर्मलच असतो. निदान फक्त तुकड्यावरून होतं.

उलट बाजूने तो कॅन्सर नसतानाही वाढतो. फायब्रॉइड, अ‍ॅडिनोमायोसिस, एन्डोमेट्रिओसिस, चालू पाळी, पोटात पाणी झालेलं असणं, लिव्हरचा आजार, आणि आपल्याकडे खास लक्षात ठेवायचं ते पोटाचा टीबी, त्यात तर आकडा शेकड्यांत जातो. ऑपरेशनच्या लगेच नंतर आणि रेडिएशननंतरही काही काळ वाढलेला दिसतो. म्हणून करायचाच असेल तर ऑपरेशनच्या आधी एकदा करा, पुढे दर वेळी त्याच लॅबमध्ये करा कारण मशीन बदललं की आकडा बदलतो, पाळी चालू असेल तर ती जाऊ द्या, आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला सांगा, काही मशीनवर त्याने रिझल्ट बिघडतो. एका वेळी १८ आणि पुढच्या वेळी २४ आला म्हणून रात्र जागून काढू नका, एकामागोमाग दोन-तीनदा चढत चाललाय का ते बघतात. एचई४ नावाची दुसरी टेस्ट आहे, या कॅन्सरला ती सीए १२५ पेक्षा जास्त पकडते, पण किडनी कमजोर असेल तर तीसुद्धा खोटी वाढते, तेव्हा क्रिएटिनिनसोबतच वाचायची.

आता हार्मोन

हार्मोनच्या गोळ्या तीन वेगवेगळ्या परिस्थितीत निघतात आणि तिन्हींचा हिशोब वेगळा आहे.

पहिली, आणि सगळ्यात जास्त बायका इथेच असतात: पाळी गेलेली, कॅन्सर पिशवीपुरता. इथे ऑपरेशन, म्हणजे पिशवी, नळ्या आणि दोन्ही अंडाशयं काढणं, आणि त्याने बहुतेक जणी बऱ्या होतात. "आईचं वय झालंय, चिरफाड नको, गोळीवर भागत असेल तर बघा" हे मी खूप घरांत ऐकलंय, त्यामागची माया कळते, पण ऑपरेशन झेपणार असेल तर गोळी हा त्याला पर्याय नाही. आणि लवकरच्या स्टेजमध्ये ऑपरेशन झाल्यावर "खबरदारी म्हणून" प्रोजेस्टेरॉन घेतल्याने आयुष्य वाढत नाही हे अभ्यासांमधून नीट दिसलंय, तर कुणी उगाच लिहून दिली तर कारण विचारा. हार्ट खूप कमजोर आहे, भूल देणं खरंच धोक्याचं आहे अशा वेळी मात्र रेडिएशन किंवा हार्मोनची कॉपर-टीसारखी बसवायची वस्तू (मिरेना, ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलवाली) यांचा विचार होतो.

दुसरी, तरुण बाई, मूल हवंय. बऱ्याचदा पीसीओडी असते, मूल होत नाही म्हणून तपासण्या चालू असतात आणि त्यातच हे सापडतं. इथे पिशवी वाचवून हार्मोन देता येतं, पण अटी कडक आहेत: एन्डोमेट्रिऑइड ग्रेड १, तोही दुसऱ्या तज्ज्ञ पॅथॉलॉजिस्टने बघून पक्का केलेला, कॉन्ट्रास्ट एमआरआयमध्ये कॅन्सर स्नायूत शिरलेला नाही, अंडाशयात किंवा बाहेर काही नाही, पी५३ अ‍ॅबनॉर्मल नाही, एमएमआर बघितलेलं आहे. मग मेजेस्ट्रॉल (हीसुद्धा प्रोजेस्टेरॉनसारखीच गोळी) रोज १६० ते ३२० मिलिग्रॅम किंवा मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन किंवा मिरेना, कधी गोळी आणि मिरेना दोन्ही मिळून, काही ठिकाणी आधी हिस्टेरोस्कोपीने म्हणजे पिशवीत दुर्बीण घालून दिसणारा भाग काढून मग औषध. दर तीन ते सहा महिन्यांनी परत तुकडा, नुसत्या सोनोग्राफीवर समाधान मानायचं नाही. साधारण चारातल्या तिघींचा कॅन्सर नाहीसा होतो, पण त्यातल्या तिघींतल्या एकीला तरी परत येतो, हे दोन्ही आकडे सुरू करण्याआधीच नवऱ्याने आणि सासू-आईनेसुद्धा ऐकलेले बरे. सहा ते बारा महिन्यांत गेला नाही तर ऑपरेशन, तिथे "अजून थोडं थांबू" नको. गेला तर वेळ न घालवता गर्भधारणेचा प्रयत्न, फर्टिलिटीच्या डॉक्टरांना आधीपासूनच सोबत घ्या, आणि मुलं झाल्यावर पिशवी काढून टाकायचा सल्ला देतात. या काळात वजन उतरवलं तर खरोखर फायदा होतो.

इथेच एक सांगते, सणावाराला, पूजेला पाळी पुढे ढकलायला घेतात ती नॉरएथिस्टेरॉनची गोळी म्हणजे ही ट्रीटमेंट नव्हे. अंगावरून जास्त जातंय म्हणून मेडिकलमधून ती आणून महिनोनमहिने रक्तस्राव दाबून ठेवला तर निदान लांबतं, आधी तुकडा तपासा.

तिसरी परिस्थिती, कॅन्सर परत आलाय किंवा पसरलाय. सावकाश वाढणारा, ग्रेड कमी, ईआर-पीआर पॉझिटिव्ह, गाठी लहान, पहिल्या ट्रीटमेंटनंतर बऱ्याच काळाने आलेला, अशा बाईला किमोच्या आधी हार्मोन देऊन बघणं अगदी योग्य असतं, केस जात नाहीत, सलाईन लावायला जावं लागत नाही. घाईने वाढणारा, धाप लागतेय, लिव्हर भरलंय, पी५३ अ‍ॅबनॉर्मल आहे, तर किमोच (बहुतेक कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल). शक्य असेल तर नवीन गाठीचा तुकडा घेऊन ईआर-पीआर परत करा, कारण जुन्या तुकड्यातला पॉझिटिव्ह नव्या गाठीत निगेटिव्ह झालेला असू शकतो. औषधं म्हणजे नुसतं मेजेस्ट्रॉल, किंवा तीन आठवडे मेजेस्ट्रॉल ८० मिलिग्रॅम दोनदा आणि तीन आठवडे टॅमोक्सिफेन २० मिलिग्रॅम दोनदा असं आलटून पालटून, किंवा लेट्रोझोल (शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी), कधी त्याच्यासोबत एव्हरोलिमस (पेशींची वाढ रोखणारी गोळी).

टॅमोक्सिफेनचं नाव दिसलं की शिकलेल्या घरांत खळबळ होते, कारण गूगल सांगतं की त्याने पिशवीचा कॅन्सर होतो. ते खरं आहे, ब्रेस्ट कॅन्सरसाठी पाळी गेल्यावर वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये तो धोका वाढतो, आणि अशा बाईला थोडंही ब्लीडिंग झालं तर तपासायलाच हवं. पण इथे ते मुद्दाम देतात, कारण ते कॅन्सरच्या पेशींवर प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर वाढवतं आणि मग मेजेस्ट्रॉलला काम करायला जागा मिळते. डॉक्टरांना न विचारता परस्पर बंद करू नका.

गोळ्या चालू असताना

सुरू करण्याआधी डॉक्टरांना न चुकता सांगायचं: पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी, पॅरालिसिस, हार्ट अ‍ॅटॅक, लिव्हरचा त्रास, आधीचा ब्रेस्ट कॅन्सर. मेजेस्ट्रॉलने रक्त गोठण्याचा धोका वाढतो, म्हणून एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, किंवा एकाएकी धाप लागली, छातीत दुखलं, तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टी.

भूक प्रचंड वाढते. घरचे खूश होतात, आई छान जेवायला लागली म्हणून आग्रह करकरून वाढतात, पण ती भूक गोळीची आहे, आणि आधीच वजन आणि शुगर असलेल्या बाईला ते बाधतं. डायबिटीस असेल तर पहिले दोन महिने शुगर जास्त वेळा तपासा, औषधाचा डोस बदलावा लागतो. बीपी, पायावरची सूज, मूड यावरही लक्ष. आणि बरेच महिने घेतल्यावर मेजेस्ट्रॉल एकदम बंद करू नका, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार होणं मंदावलेलं असतं, मग भयंकर थकवा, उलट्या, बीपी घसरणं असं होतं. दुसरं कुठलं ऑपरेशन ठरलं तर त्या डॉक्टरांनाही ही गोळी सांगा. लेट्रोझोलने सांधे दुखतात आणि हाडं ठिसूळ होतात, डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी), कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीबद्दल विचारा. शतावरी, सोयाच्या पावडरी, कुणी दिलेला काढा, जे काही चालू असेल ते लपवू नका.

परिणाम लगेच दिसत नाही. साधारण तीन महिन्यांनी स्कॅन करून ठरवतात, तोवर दर पंधरा दिवसांनी सीए १२५ करून गोळी चालतेय का हे बघायला जाऊ नका.

खर्चाचं म्हणाल तर महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, किमो, रेडिएशन बसतं, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे रेशन कार्ड आणि आधार घेऊन अ‍ॅडमिट व्हायच्या आधी जा, आणि आयएचसी, एमआरआय यातलं काय धरलंय ते तेव्हाच विचारून घ्या. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आणि बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज आहे. लेट्रोझोल, टॅमोक्सिफेन जेनेरिकमध्ये स्वस्त मिळतात. मुलगी परदेशात असेल आणि रिपोर्ट तिला पाठवायचा असेल तर अर्धा फोटो काढून पाठवू नका, सगळ्या पानांची पीडीएफ पाठवा, नाहीतर आयएचसीचं पानच राहून जातं आणि ती तिकडे अर्धवट माहितीवर काळजी करत बसते.

ट्रीटमेंट संपल्यावर पहिली दोन-तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी दाखवायचं, मग पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी किंवा वर्षाने, कारण परत येणारा कॅन्सर जास्त करून पहिल्या तीन वर्षांतच येतो. आणि मधे कधीही योनीतून रक्ताचा डाग दिसला, ओटीपोटात किंवा कंबरेत सतत दुखायला लागलं, कारण नसताना वजन उतरलं, पाय सुजला, तर पुढची तारीख दोन महिन्यांनी असली तरी त्याच आठवड्यात जाऊन दाखवा.